फांसे आणि वाणी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरचें जेवणाचें मेज चार दिवस जेवणाच्या उपयोगीं पडलें नाहीं. माझा भाचा आणि त्याचे पांच मित्र यांनीं तें सकाळपासून अडवून ठेविलें होतें. मेजावर कागद, शिसपेन्सिली, कोणी चार पैलूंचे, कोणी आठ पैलूंचे, तर कोणी वीस पैलूंचे असे नाना तऱ्हेचे फांसे, आणि एका पुठ्ठ्याच्या आडोशामागें माझा भाचा. तो त्या मंडळींचा पंच होता. मी शेजारच्या खोलींत उत्तरपत्रिका तपाशीत बसलों होतों. खेळ राक्षसांचा व तलवारींचा आहे असें मला सांगण्यांत आलें होतें, आणि म्हणून आरडाओरड ऐकण्याची मीं मनाची तयारी केली होती. परंतु तासभर माझ्या कानांवर पडली ती शिष्टाई.

प्रसंग असा होता. डोंगरांतील एका राज्याच्या वृद्ध राणीकडून तिच्या खिंडींतून जाण्याची परवानगी मिळवावयाची होती. राणीचा मुलगा युद्धांत पडलेला. शस्त्रधारी माणसाचें तोंड पाहण्याचीही तिची इच्छा नव्हती. तिच्याशीं बोलण्याचें काम ज्या मुलाकडे आलें, त्याचें पात्र म्हणजे दरबारांत गाजलेला वक्ता. मुलगा स्वतः मात्र बोलतांना अडखळणारा. दुसऱ्याच वाक्याला तो अडला. तेव्हां एक मित्र म्हणाला, “अरे, फांसा टाक ना! तुझ्या पात्राचें वक्तृत्व केवढें आहे. काम होऊन जाईल.” लगेच दुसरा उसळून म्हणाला, “मग आपण येथें जमलों कशाला? कांहीं बोलल्यावांचून राणी वळेलच कशी?” त्या मुलानें हातांतला फांसा खालीं ठेविला आणि तो गप्प बसला.

अध्यापनाच्या धंद्यांत माझीं तीस वर्षें गेलीं. उत्तर ठाऊक असून जीभ साथ देत नाहीं म्हणून मागल्या बाकावर मान खालीं घालून बसणारीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. त्यांच्यापैकीं कांहींवर तोंडी परीक्षेंत माझ्या हातून अन्यायही झाला असेल. म्हणून तो वाद माझ्या मनांतून जाईना. इतिहास शिकविणाऱ्या माणसाला, वाद कोणताही असो, त्याची वंशावळ शोधण्याची खोड असते. मीं त्या खेळाचीं पुस्तकें मिळवून वाचलीं, आणि मला असें आढळून आलें कीं, आमच्या मेजावरचा तो वाद त्या खेळाहूनही जुना आहे. शिवाय त्याच्या निकालावर आणखी एक गोष्ट अवलंबून आहे, ती म्हणजे त्या खेळांत रंगणाऱ्या कथेची रुचि.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. या खेळास ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. आपण त्याला भूमिकांचा खेळ म्हणूं. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. एकजण पंच होतो. सारें जग आणि त्यांतील उरलेलीं माणसें, पशु, राक्षस व देव हीं त्याच्या तोंडून बोलतात. खेळाडूनें आपलें पात्र काय करितें तें सांगावें, पंचानें त्याचा परिणाम सांगावा, आणि परिणाम अनिश्चित असेल तेथें फांसा टाकावा. बुद्धिबळाप्रमाणें यांत पट अत्यावश्यक नाहीं, आणि नाटकाप्रमाणें आधीं लिहिलेलीं भाषणेंही नाहींत. सारा व्यवहार बोलण्याचा.

असें असूनही या खेळाचा मूळपुरुष लष्करी आहे. १८१२ सालीं गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यानें प्रशियाच्या राजास युद्धाचा एक खेळ सादर केला, आणि १८२४ सालीं त्याच्या मुलानें, जो तोफखान्यांत अधिकारी होता, त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. नकाशा १:८००० प्रमाणाचा असे. दोन्ही पक्षांचे खेळाडू आपले हुकूम लेखी देत. पंच ते वाचून, फांसे टाकून, तक्त्यांवरून हानीचा हिशेब करून, ज्याला जेवढें दिसण्यासारखें असेल तेवढेंच त्याला सांगे. ही पंचाची योजना फार महत्त्वाची होय. तिच्यामुळें खेळाडू आणि खेळांतील जग यांच्यामध्यें एक बोलणारा मनुष्य येऊन बसला.

पुढें अधिकाऱ्यांना त्या तक्त्यांचा व हिशेबाचा कंटाळा आला. १८७६ सालीं यूलिउस फॉन व्हेर्डी दु व्हेर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्यानें असें प्रतिपादन केलें कीं, तक्ते व फांसे बाजूस ठेवावे आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा. निर्णय फांशानें द्यावा कीं माणसाच्या विवेकानें द्यावा, हा तंटा याप्रमाणें भूमिकांचा खेळ जन्मास येण्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षें सुरू झालेला होता. फरक इतकाच कीं, तेव्हां प्रश्न तोफेच्या गोळ्याचा होता, शब्दाचा नव्हता.

शब्दाचा प्रश्न उपस्थित झाला तो अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत. तेथील डेव्हिड वेस्ली नांवाच्या तरुणाच्या हातीं एक जुनें पुस्तक पडलें. अमेरिकन सैन्यांतील लेफ्टनंट चार्ल्स टॉटन यानें १८८० सालीं प्रसिद्ध केलेला ‘स्ट्रॅटेगोस’ हा युद्धक्रीडेचा ग्रंथ तो. पंचाच्या अनुज्ञेनें खेळाडूस वाटेल तें करून पाहतां यावें, ही कल्पना वेस्लीनें त्यांतून उचलली. १९६९ सालीं त्यानें नेपोलियनच्या काळांतील ब्राउनश्टाइन नांवाच्या एका काल्पनिक जर्मन गांवाचा खेळ मांडला. दोन सैन्यांचे सेनापति तर होतेच. पण उरलेल्या मित्रांना रिकामें बसावें लागूं नये म्हणून त्यानें कोणास नगराध्यक्ष, कोणास सावकार, कोणास विद्यापीठाचा प्रमुख केलें, आणि प्रत्येकाला स्वतःचा एक हेतु नेमून दिला. झालें असें कीं, सैन्यें गांवापर्यंत पोंचण्यापूर्वींच हीं पात्रें एकमेकांस कानाकोपऱ्यांत गांठून कारस्थानें करूं लागलीं. दोघांनीं तर द्वंद्वयुद्धच पुकारलें, आणि द्वंद्वयुद्धाचा नियम वेस्लीपाशीं नव्हता. खेळ फसला असें समजून तो खिन्न झाला. मित्र मात्र म्हणूं लागले कीं, पुन्हा असाच खेळ मांड.

त्या मित्रांपैकीं डेव्ह आर्नेसन यानें पुढच्या एका खेळांत केलेला पराक्रम अजून सांगतात. खेळ एका लहानशा, बंडाळीनें पोखरलेल्या राज्याचा होता. आर्नेसनकडे शांततावादी क्रांतिकारकाची भूमिका आली होती, आणि पत्रकें वांटण्याबद्दल त्याला गुण मिळावयाचे होते. त्यानें इतरांना अशी बतावणी केली कीं, आपण खरोखर अमेरिकेच्या गुप्त हेरखात्याचे अधिकारी आहों. आणि लोकांचा विश्वास संपादून अखेर राज्याचा खजिनाच घेऊन तो निघून गेला. हा विजय तलवारीचा नव्हता, बोलण्याचा होता. याच आर्नेसननें १९७१ सालीं ब्राउनश्टाइनची तऱ्हा मध्ययुगीन अद्भुतकथेस लावून ‘ब्लॅकमूर’ हें जग उभें केलें. त्याच वर्षीं विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा गांवच्या गॅरी गायगॅक्स यानें जेफ पेरेन याच्या सहकार्यानें ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले, आणि त्यांच्या शेवटीं जादूगार, वीर व अजगर यांची एक पुरवणी जोडली. आर्नेसन आणि गायगॅक्स एकत्र आले, आणि जानेवारी १९७४ मध्यें ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला: एक पेटी, तींत तीन लहान पुस्तकें, किंमत दहा डॉलर, पहिली छपाई एक हजार प्रतींची.

या पहिल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘युद्धखेळ’ हा शब्द आहे. भूमिकेचा उल्लेख नाहीं. तरी त्यांत बोलण्याविषयीं काय आहे तें पाहणें मनोरंजक आहे. प्रत्येक पात्रास सहा गुण असत, आणि त्यांपैकीं शेवटचा म्हणजे व्यक्तिमत्त्वाची छाप. तीन फांसे टाकून हा गुण ठरे, आणि त्याचें मुख्य फळ असें कीं, त्यावरून पात्रास किती नोकर ठेवितां येतील हें ठरावें: अगदीं थोडी छाप असेल तर एक, पुरी अठरा असेल तर बारा. नोकरीस बोलाविलेला प्राणी राजी होईल कीं नाहीं, हें दोन फांसे ठरवीत. दोन पडले तर तो अंगावर धांवून येई. तीन ते पांच पडले तर वैरभाव. सहा ते आठ अनिश्चित. नऊ ते अकरा पडले तर कबूल. आणि बारा पडले तर तो मोठ्या उत्साहानें येऊन मिळे. भुयारांत अचानक समोर आलेल्या राक्षसासाठींही असाच एक तक्ता होता.

हा तक्ता कोणास हास्यास्पद वाटेल, पण मला तसें वाटत नाहीं. त्याचा अर्थ असा कीं, समोर आलेला प्रत्येक प्राणी शत्रूच असतो असें नव्हे; त्याच्याशीं बोलून पाहण्यास जागा आहे. त्यांतून १९७५ सालच्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीनें राक्षस मारल्याबद्दल मिळणारे गुण पुष्कळच कमी केले, आणि उन्नतीचा मुख्य मार्ग म्हणजे धन बाहेर आणणें हा ठरला. मग मारामारी म्हणजे धोका फार आणि लाभ थोडा. गोड बोलून, लांच देऊन, धमकावून किंवा गुहेंतल्या दोन टोळ्यांत कलागत लावून जो धन आणील तो शहाणा. नियमांनीं वक्तृत्व शिकविलें नाहीं. परंतु बोलण्यांत फायदा ठेविला, आणि लोक आपोआप बोलूं लागले.

येथें रुचीचा प्रश्न येतो. १९७९ सालीं गायगॅक्सनें पंचांसाठीं लिहिलेल्या ग्रंथाच्या शेवटीं स्वतःस स्फूर्ति देणाऱ्या लेखकांची एक यादी दिली आहे. तींत रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, लॉर्ड डन्सेनी, टोल्किन अशीं परस्परांशीं न जुळणारीं नांवें शेजारीं शेजारीं आहेत. या सर्वांच्या कथांत तलवारी आहेत, जादू आहे, ओसाड मनोरे आहेत. मग त्यांच्या रुचींत फरक कोठून येतो? नगराच्या वेशीवर पहारेकऱ्यानें वाटसरूस अडविलें एवढाच प्रसंग घ्या. हॉवर्डच्या जगांत तेथें चार खडे शब्द होतील आणि हात मुठीवर जाईल. टोल्किनच्या जगांत नांव, कूळ आणि कोणाच्या मैत्रीचे आपण, हें गंभीरपणें विचारलें जाईल, आणि दिलेला शब्द बंधनकारक राहील. व्हान्सच्या जगांत पहारेकरी आणि वाटसरू दोघेही अत्यंत अलंकारिक व सभ्य भाषेंत एकमेकांना फसवूं पाहतील. वेस तीच, भाला तोच; फरक पडला तो बोलण्यांत.

आमच्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेंत सांगावयाचें तर गढी, अंधार, वादळ हीं उद्दीपनें होत; तेवढ्यानें रसनिष्पत्ति होत नाहीं. माणसें एकमेकांशीं कशीं वागतात व बोलतात, काय मागण्यास धजतात, काय मागण्यास लाजतात, आणि शब्द मोडला तर त्यांना कोणती किंमत द्यावी लागते, यांत त्या त्या वाङ्मयप्रकाराची रुचि असते. राक्षसांची यादी बदलून जग बदलत नाहीं, संबोधनें बदलून बदलतें. हें ज्या भाषेंत ‘तूं’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील एक चुकीचा शब्द लग्नाची बोलणीं मोडूं शकतो, त्या भाषेच्या वाचकांना अधिक सांगावयास नकोच.

योगायोग असा कीं, या खेळाच्या इतिहासांत ही गोष्ट प्रथम ओळखणारा मनुष्य आपल्याच देशाच्या भाषांचा अभ्यासक होता. एम. ए. आर. बार्कर हा मिनेसोटा विद्यापीठांत उर्दू व दक्षिण आशियाचें अध्यापन करी. १९५१ सालीं तो भाषांच्या अभ्यासासाठीं हिंदुस्थानांत येऊन गेला होता. त्याचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील टेकुमेल नांवाच्या जगासाठीं त्यानें एक संपूर्ण भाषा रचली, आणि त्या भाषेंत समोरच्यास संबोधण्याचीं अनेक सर्वनामें ठेविलीं. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, कोणत्या कुळाचा, कोणत्या देवळाचा, यांवरून त्यांतून निवड करावयाची. खेळाडूंचीं पात्रें जकाल्ला बंदरांत लहानशा नावेंतून उतरलेलीं परकीं, रानटी माणसें. त्यांना परदेशीयांच्या वस्तींतच राहावें लागे, आणि कोणी बडा माणूस काम देईपर्यंत वाट पाहावी लागे. शिष्टाचार चुकला तर शिक्षा सुळाची. या खेळांत भुयारें होतीं, पण भुयारापेक्षां दिवाणखाना अधिक भयंकर होता.

बार्करच्या मंडळींत बसून खेळलेला गॅरी अॅलन फाइन हा समाजशास्त्रज्ञ. त्याचा ‘शेअर्ड फँटसी’ हा ग्रंथ १९८३ सालीं निघाला. अर्व्हिंग गॉफमन याच्या सिद्धान्ताचा उपयोग करून त्यानें दाखविलें कीं, मेजाशीं बसलेला मनुष्य एकाच वेळीं तीन चौकटींत वावरत असतो: तो स्वतः घरदार असलेला मनुष्य असतो, नियम जाणणारा खेळाडू असतो, आणि खेळांतील पात्रही असतो. एकच वाक्य या तिहींपैकीं कोणत्या नात्यानें उच्चारलें गेलें हें बाकीचे क्षणांत ओळखतात. मला आमचा तो अडखळणारा मुलगा आठवला. पात्र वाक्पटु, खेळाडू हुशार, आणि मनुष्य मुखदुर्बळ. तीन चौकटींत तीन निरनिराळे लोक, आणि जीभ मात्र तिघांत एक. सगळी अडचण येथेंच आहे.

बार्करविषयीं एक कटु गोष्ट सांगणें प्राप्त आहे. १९९१ सालीं टोपणनांवानें प्रसिद्ध झालेली नाझी विचारांचा पुरस्कार करणारी एक कादंबरी त्याचीच होती, असें त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं, २०२२ सालीं, त्याच्या वाङ्मयाचा सांभाळ करणाऱ्या संस्थेनेंच जाहीर केलें. शिष्टाचाराचे एवढे बारकावे जाणणाऱ्या माणसाच्या ठिकाणीं सौजन्य असेलच असें नाहीं, हा धडा त्यांतून घ्यावा. संबोधन बरोबर येणें आणि समोरच्याला माणूस मानणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; आणि खेळाची मंडळी चांगली कीं वाईट हें दुसऱ्या गोष्टीवर ठरतें.

रुचि नियमांत कशी उतरवावी याचा उत्तम नमुना ग्रेग स्टॅफर्डनें १९८५ सालीं दिला. सर टॉमस मॅलरीचें आर्थर राजाच्या कथांचें पुस्तक कॅक्स्टननें छापलें तें १४८५ सालीं. त्याला बरोबर पांचशें वर्षें झालीं तेव्हां स्टॅफर्डचा ‘पेंड्रॅगन’ हा खेळ निघाला. त्यांत प्रत्येक सरदाराच्या स्वभावाच्या तेरा जोड्या मांडलेल्या असतात: दया आणि क्रौर्य, विनय आणि गर्व, औदार्य आणि स्वार्थ, क्षमा आणि सूड, याप्रमाणें. जोडींतील दोन अंकांची बेरीज नेहमीं वीस. दया चौदा असेल तर क्रौर्य सहा. शरण आलेला शत्रु पायांशीं पडला आहे, अशा वेळीं खेळाडू वीस पैलूंचा फांसा टाकतो, आणि कधीं कधीं त्याच्या मनांत नसतांही त्याचा सरदार दया करून बसतो. येथें फांसा समोरच्याचें मन वळवीत नाहीं. स्वतःच्याच मनाचा ठाव घेतो. मॅलरीच्या कथांतले वीर शहाणपणानें वागत नाहींत. भरानें वागतात, आणि मागाहून जन्मभर पस्तावतात. स्टॅफर्डनें तो भर नियमांत आणला, म्हणून त्याच्या खेळांत आर्थरकथेची चव उतरली.

१९९१ सालच्या मार्क राइन-हॅगनच्या ‘व्हँपायर’ या खेळानें दुसरी वाट धरली. त्यांत पात्राच्या नऊ गुणांपैकीं तीन शरीराचे, तीन बुद्धीचे आणि तीन समाजांत वावरण्याचे. म्हणजे संभाषण हें लढाईच्या बरोबरीनें कागदावर आलें. रात्रीं जागणाऱ्या, एकमेकांच्या उपकारांच्या ओझ्याखालीं वांकलेल्या पिशाच्चांच्या दरबारी कथेला हें साजेसें होतें.

परंतु एका जगास जें शोभतें तें दुसऱ्यास शोभेलच असें नाहीं, आणि नियम अति केला तर काय होतें याचें उदाहरण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीनें घालून दिलें. ती २००० सालीं निघाली, आणि तींत शिष्टाई, थापेबाजी व धाक या स्वतंत्र विद्या झाल्या. २००३ सालच्या सुधारलेल्या आवृत्तीप्रमाणें वैरी मनुष्य तटस्थ व्हावयास बेरीज पंचवीस हवी, मित्र व्हावयास पस्तीस, आणि जिवाभावाचा साहाय्यक व्हावयास पन्नास. वेळ साधारण एक मिनिट. चतुर खेळाडूंनीं निरनिराळ्या उपायांनीं आपली शिष्टाई एवढी वाढविली कीं, हाडवैरी मिनिटाभरांत गळ्यांत पडूं लागले. त्याला काय सांगितलें, त्याचें दुःख कोणतें, त्याच्यापासून मागितलें काय, याची विचारपूस त्या आंकड्यांत कोठेंच नव्हती. आमच्या मेजावरच्या दुसऱ्या मुलाची तक्रार हीच.

याची प्रतिक्रिया होणें क्रमप्राप्त होतें. ल्यूक क्रेनच्या ‘बर्निंग व्हील’ या खेळाच्या २००५ सालच्या आवृत्तींत वादाचें द्वंद्व आहे. दोन्ही पक्षांनीं आपण काय मागतों हें आधीं स्पष्ट सांगावयाचें. मग मुद्दा, खंडन, बगल अशा चाली गुप्तपणें लिहून उघड करावयाच्या, आणि प्रत्येक चालीबरोबर खरोखर कांहीं तरी बोलावयाचें. जिंकणाराही घायाळ झाला असेल तर त्यानें प्रतिपक्षास कांहीं दिलें पाहिजे. म्हणजे निकाल तडजोडीचा. २०१४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पांचवी आवृत्ति निघाली. तिनें शोध, संभाषण आणि लढाई असे साहसाचे तीन स्तंभ मानले, आणि पंचाच्या पुस्तकांत वीरकथा, गूढकथा, कारस्थानकथा अशा अद्भुताच्या निरनिराळ्या रुचींची चर्चा केली. तींत आंकड्यांस आवर आहे: वैरभाव असलेल्या माणसापुढें वीस मिळविले तरी तो स्वतःला धोका किंवा झीज नसेल एवढेंच करतो. उलट त्याचें ध्येय, त्याचा जिव्हाळा किंवा त्याचें वैगुण्य बोलण्याच्या ओघांत ओळखून त्यास स्पर्श केला, तर त्याची वृत्ति पालटूं शकते. २०२४ सालच्या आवृत्तीनें एक पाऊल पुढें टाकलें. जो मुळांत राजी आहे त्याच्यासाठीं फांसा नको. ज्याला ती गोष्ट मुळींच मान्य नाहीं त्याच्यासाठींही नको. जो द्विधा मनःस्थितींत आहे त्याच्यासाठींच फांसा.

म्हणजे पन्नास वर्षांच्या भटकंतीनंतर हा खेळ एका साध्या विवेकापाशीं आला. काय बोलावें हें खेळाडूनें ठरवावें. समोरच्याला तें भिडेल कीं नाहीं याचा विचार पंचानें करावा. आणि तो विचार करूनही तराजू डुलतच राहिला तर दान पडेल तें मानावें. कौरवसभेंतील कृष्णशिष्टाई निष्फळ ठरली म्हणून ती कमी मोलाची झाली नाहीं. यश दानाचें असेल. बोलणें आपलें असतें.

पण आमच्या त्या मुलाचें काय? तो बोलूंच शकत नव्हता. याचेंही उत्तर २०१४ सालच्या पुस्तकांत मला सांपडलें. भूमिका करण्याचे दोन मार्ग त्यानें सारख्याच योग्यतेचे मानले आहेत: पात्राच्या तोंडानें प्रत्यक्ष बोलणें, किंवा पात्र काय बोलतें व करतें याचें बाहेरून वर्णन करणें. दुसऱ्या मार्गांत अस्खलित वाणीची गरज नाहीं. विचाराची मात्र आहे. पोवाडे रचणाराला गळा असलाच पाहिजे असें कोण म्हणेल? मीं आजवर तोंडी परीक्षेंत ज्याला गुण दिले, तें विचाराला दिले कीं ओघाला, हा प्रश्न मला त्या पानाशीं थांबून स्वतःला विचारावा लागला. आणि त्याचें उत्तर मला सुखावह वाटलें नाहीं.

मे महिन्याच्या सुटींत ती मंडळी पुन्हा आमच्या मेजाशीं जमली. राणी अजून वाट पाहत होती. भाच्याला मीं आधीं एवढेंच म्हटलें होतें कीं, त्याला पात्राविषयीं सांगूं दे. तो मुलगा हळूहळू, थांबत थांबत म्हणाला कीं, माझा वक्ता कमरेची तलवार दाराशीं ठेवतो, राणीपुढें बसतो, आणि खिंडीविषयीं कांहीं न बोलतां तिच्या मुलाचें नांव विचारतो. नंतर तें नांव तो दोनदां उच्चारतो. मेजाशीं कोणी हंसलें नाहीं. आडोशामागून भाचा बराच वेळ कांहीं बोलेना, मग म्हणाला, “राणी विचारांत पडली आहे. आतां टाक.”

दान सातचें पडलें. खिंड मिळाली नाहीं. पण वाटेंत जखमी झालेल्या दोन सोबत्यांना राणीनें आपल्या वाड्यांत ठेवून घेतलें, आणि वक्त्यानें पुन्हा यावें, मात्र बिनशस्त्र यावें, असा निरोप दिला. तो मुलगा हा निरोप आपल्या कागदावर लिहून घेत असतां त्याला फांसा टाकावयास सांगणारा मित्र आणि त्याला बोलावयास सांगणारा मित्र, दोघेही पुढें वांकून तो काय लिहितो तें पाहत होते.